मणी चिकटला!

"चिकटला! मणी चिकटला!" लोकांनी एकच गिल्ला केला.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथच्या बाजूच्या एका गावात मारुतीच्या पारावर सकाळीच मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध देवानंद उताणा पडला होता. सापाचं विष उतरवणाऱ्या मणीबाबाने त्याच्या दंडाला ब्लेडने बारीक चीर दिली, रक्त आलं, त्यावर काळा कुळकुळीत खडा टेकवला आणि हात सोडला. खडा पडला नाही. उशाशी बसलेल्या त्याच्या बायकोने, तुळजाबाईने, बाबापुढे पदर पसरला.

"हिमालयातल्या नागानं माह्या ओंजळीत ओकलेला मणी हाय हा!" बाबा गर्दीला ऐकवत होता. हिमालयातल्या नागाला आदिलाबादची वाट कोणी दाखवली, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही. "जहर पिऊन राह्यला तो. पोट भरलं का आपोआप गळन. मंग दुधात टाकून पाहा, बुडबुडे सोडून सारं जहर ओकते. पन गळाच्या आधी हात लावाल, तं मानूस गेलाच समजा! सत्तावीस जनं वाचवले, सत्तावीस!"

वाचले होते, खोटं कशाला बोला! त्यांना चावल्या होत्या धामणी आणि दिवडं. त्यांना विषच नसतं. अशा माणसाला मणी लावा की गोवरी लावा, तो ठणठणीतच राहणार.

देवानंदला काय चावलं, ते मात्र कोणी पाहिलं नव्हतं. इकडे वेचलेला कापूस पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत भरतात आणि विकायला न्यायची गाडी लागेपर्यंत घरधनी त्या गंजीवरच अंथरूण टाकतो. ऊब राहते, राखणही होते. तसाच तो झोपला होता. सकाळी पोटात कळा येतात म्हणून उठला, तर पापण्या उघडेनात. दंडावर दोन बारीक ठिपके. सूज नाही की काही नाही.

दोन तास गेले. देवानंदची जीभ जड झाली, मग मान लुळी पडली. शाळेतल्या अश्विनी मॅडम धावतच आल्या.

"अहो तुळजाबाई, त्यांचा श्वास बघा! कशाची वाट पाहताय? दवाखान्यात न्या आधी!"

"मणी गळल्याबिगर हलवाचं नाई," बाबाने दरडावलं.

तुळजाबाईने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ निळे पडत चालले होते. तिने मणी ओढला आणि भिरकावून दिला.

जीप इचोड्याच्या दवाखान्यात पोचली तेव्हा देवानंद गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, "मण्यार चावली आहे. तिचा चावा दुखतसुद्धा नाही. दोन तास आधी आणलं असतं, तर इंजेक्शन आणि श्वासाच्या मशीनवर बहुतेक वाचले असते."

बाबाला आयतंच फावलं. "मणी पीत होता, अन् बाईनं तोडला. नवऱ्याले बाईनंच मारलं," असं तो उघड बोलू लागला. गावाने मान डोलावली. हापशावर बाया आपली घागर तिच्या घागरीपासून दूर सरकवू लागल्या. सासू कुसुमबाई तिच्या हातचं पाणी घेईना. आणि खरं सांगायचं, तर तुळजाबाईलाही तेच वाटत होतं. मीच मारलं त्याइले, ह्याच हातानं! तिला घास गिळवेना.

महिना झाला असेल. एका दुपारी चौथीतली उत्कर्षा शाळेतून आली, ती खालच्या ओठाला कवेलूचा, म्हणजे घरावरच्या भाजक्या कौलाचा, तुकडा लटकवूनच. तुळजाबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"काय लावलं वं ते? काढ आधी!"

उत्कर्षाने तुकडा काढला. "मॅडमनं दगडाचा धडा शिकवला आई. काही दगड पानी पेतात, तसंच हे कवेलूबी. त्याइच्यात बारीक बारीक भोकं राह्यतात. ओल्या जागी लावलं का भोकं पानी ओढतात अन् दगड चिकटते. आपल्या वावरातला काळा दगड नाई चिकटत, त्याले भोकं नाईत."

"अन् गळते कसा?"

"भोकं भरले का पडते." पोरीने दुसरा कोरडा तुकडा वाटीतल्या पाण्यात टाकला. बुडबुडे वर आले. "हे पाह्य, आतली हवा."

तुळजाबाई वाटीवर वाकली. "अन् भरायच्या आधीच काढला, तं?"

"तं काय होते? काईच नाई होत."

तुळजाबाई महिन्यात पहिल्यांदा मोठमोठ्याने रडली. उत्कर्षाला कळेना, आपलं काय चुकलं.

आठवडाही झाला नसेल, तोच पारावर पुन्हा गर्दी. विमलबाईच्या दामिनीला कापसाच्या खोलीत काहीतरी चावलं होतं. मणी चिकटलेला, बाबाची बडबड सुरू. तुळजाबाई विळा आणि कवेलूचे तुकडे घेऊन गर्दीत घुसली. तिने स्वतःच्या अंगठ्याला विळ्याची चीर दिली, रक्तावर तुकडा दाबला आणि हात सगळ्यांपुढे उंच धरला. तुकडा पडला नाही.

"सांग बाबा, मले कोनता साप चावला?"

तिने दुसरा तुकडा बाबाने मण्यासाठी ठेवलेल्या दुधात टाकला. बुडबुडेच बुडबुडे.

"अन् माह्या घरचं कवेलू कोनतं जहर ओकून राह्यलं?"

"मण्यावर इटाळाची सावली पडली!" बाबा ओरडला, पण आवाज चिरका निघाला. अश्विनी मॅडमनी दामिनीच्या पायावरचा खडा काढून पाहिला. "नागाबिगाचं काही नाही. जनावराचं भाजलेलं हाड आहे हे. भाजलं की त्यालाही अशीच भोकं पडतात."

कुसुमबाई पुढे आली. सुनेकडे पाहत चाचरत म्हणाली, "मंग त्या दिशी तू..."

"मी मणी काढला म्हनून नाई गेले ते, मामी. दोन तास ठेवला म्हनून गेले." तुळजाबाई गर्दीकडे वळली. "ते पाप माह्यं हाय, मी नाकारत नाई. पन तुमीबी सारे तिथंच उभे होते. विमल, काऊन बसून राह्यली? उचल पोरीले, जीप काढा!"

विमलबाईने पोरीला छातीशी धरलं आणि ती धावत सुटली. चारजण तिच्यामागे पळाले. बाबाचं गाठोडं तुडवलं गेलं, तिकडे कोणी पाहिलं नाही.

मागे उरलेल्यांना तुळजाबाई सांगत राहिली, "कापसावर झोपू नका. सरकीसाठी उंदीर येते, उंदरामागं मण्यार येते. मंग ती गंजीच तिचं घर बनते. अन् चावलंच, तं मणी चिकटला का नाई ते पाहत बसू नका. गाडी काढा."