गप्प बाईंचा बोलका सचिव

तोफखाना सत्तेवर होते तेव्हा त्या देशातल्या कोंबड्यासुद्धा उजाडायच्या आत अंडी घालून मोकळ्या होत, असं सांगतात. उगाच बोलणी कोण खाईल? तोफखाना म्हणजे आधीचे पंतप्रधान. नाव लोकांनी ठेवलेलं, पण त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. स्वभावच तसा! फाईल उघडायच्या आधी निर्णय व्हायचा आणि निर्णय झाला की फाईल खिडकीबाहेर जायची. कार्यालयाचा माळी गवत नंतर कापी, आधी हिरवळीवरचे कागद वेची. पूल आधी बांधून व्हायचे, मग त्यांच्याखाली घालायला नदी शोधत माणसं पळायची. मंत्री तर दाराजवळची खुर्ची मिळावी म्हणून सकाळीच येऊन तिच्यावर रुमाल टाकून जात.

या धामधुमीत एकच माणूस सुखात होता, तो म्हणजे खासगी सचिव. त्यांच्या तोंडाची टकळी जन्मापासून चालू. सुईणीची चौकशी करून मगच पहिलं रडले, असं त्यांची आत्या सांगे. कार्यालयात त्यांना सगळे टकळीसाहेब म्हणत, आणि तेही ओ देत. तोफखाना आत गरजले, की टकळीसाहेब बाहेर येऊन त्या गर्जनेला इस्त्री करून देत. आतून ‘या गाढवाला हाकला’ असं आलं, तर बाहेर ‘साहेबांना तुमचा मुद्दा फार विचार करण्याजोगा वाटला’ असं पोचायचं. गाढव खूश होऊन घरी जायचं.

तोफखाना ओरडत असले की सगळे निर्धास्त असत. ते क्वचित कधी गप्प झाले, तर मात्र समजायचं की कोणाची तरी खुर्ची गेली. म्हणून समोर शांतता पडली रे पडली, की आपणहून चूक कबूल करून टाकायची, म्हणजे निदान निवृत्तिवेतन तरी वाचतं, हे तिथल्या शिपायापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांच्या हाडीमासी भिनलं होतं.

पुढे लोकांचे कान किटले आणि त्यांनी बाईंना निवडून दिलं.

बाईंची सगळी नोकरी माती तपासण्यात गेलेली. बरणीत पाणी घ्यायचं, माती टाकायची, खळखळून हलवायची आणि गाळ खाली बसेपर्यंत तिच्याकडे बघत बसायचं. गाळ बसल्याशिवाय त्या मातीबद्दल चकार शब्द काढत नसत. आता देश हाती आला, तर त्या देशाकडेही तशाच बघत बसल्या. राजा तशी प्रजा! चौकातला पोलीस शिट्टी ओठात धरून आधी विचार करू लागला. न्हावी कात्री उचलून गिऱ्हाइकाच्या डोक्याकडे टक लावून उभे राहू लागले. घराघरांत उतू जाणारं दूधही, म्हणतात, भांड्याच्या काठाशी येऊन जरा थांबायचं.

पहिल्याच बैठकीत रस्तेमंत्र्यांनी नव्या पुलाची योजना वाचून दाखवली. बाई गप्प. रस्तेमंत्री घाम पुसत म्हणाले, पूल थोडा आखूड केला तरी चालेल. बाई गप्पच. मग रस्तेमंत्र्यांनी कबूल केलं की पुलाची तशी गरज नाही, आपल्या साडूला घराजवळ हवा होता, आणि तिथल्या तिथे राजीनामा देऊन टाकला. ते पाहून आरोग्यमंत्र्यांचा धीर सुटला. त्यांना कोणी काही विचारलंही नव्हतं, पण त्यांनीही राजीनामा दिला. दोघं दारापाशी पोचले तेव्हा बाईंनी मान वर केली.

“अहो, निघालात कुठे? खालची माती चिकण असली तर खांब टिकतील का, एवढंच बघत होते मी.”

टकळीसाहेबांनी त्या दिवशी ठरवलं, की ही शांतता आपणच भरून काढायची, नाहीतर सरकार आपोआप रिकामं होईल. निदान स्वतःला त्यांनी असंच सांगितलं. खरी गोष्ट अशी, की कोणी गप्प बसलं की त्यांच्या पोटऱ्यांवरून मुंग्या चालत. बाई विचारात पडल्या रे पडल्या, की हे समोरच्याला सांगत, बाईंना तुमची मागणी पटलेली दिसते. अशाने न्हाव्यांच्या संघटनेला वाट्टेल तेवढी सुट्टी मंजूर झाली आणि बघता बघता देशात बाप कोण नि लेक कोण, मागून ओळखू येईना. बाईंनी टकळीसाहेबांना बोलावलं. तुम्ही माझं बोलणं बोलता, पण आधी माझा विचार तरी होऊ द्या, म्हणाल्या. टकळीसाहेबांनी मान डोलावली आणि आपण यापुढे गप्प कसे राहू हे जेवणाची वेळ टळेपर्यंत समजावून सांगितलं.

एवढ्यावर निभावलं असतं, पण मध्ये तळं आलं.

तळं दोन देशांच्या मध्ये होतं. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं, आणि दोन्ही काठांवर मासेमारीवर जगणारी गावं. टकळीसाहेबांची सासुरवाडी इकडच्या काठावर. सासरे आणि दोन्ही मेव्हणे रोज तळ्यात होड्या घालत. तिकडच्या देशाचे अध्यक्ष भलते बोलके. लोक त्यांना धबधबा म्हणत. एकदा भाषणाला उभे राहिले, तेव्हा ऐकायला आलेल्यांतल्या एका जोडप्याचं तिथेच जमलं आणि भाषण संपायच्या आत लग्नही उरकलं, अशी त्यांची ख्याती. बाई आणि टकळीसाहेब त्यांच्याकडे चहापानाला गेले, तेव्हा ते गमतीगमतीत म्हणाले, तुमच्या बाजूचे मासे मूळचे आमच्याच काठाला जन्मलेले, तेव्हा सगळं तळं आम्हालाच देऊन टाका. बाई पाण्याकडे बघत विचार करू लागल्या. कपात चमचा वाजेनासा झाला. टकळीसाहेबांच्या पोटऱ्यांना मुंग्या आल्या आणि जीभ सुटली.

“बाईंचं मन मोठं आहे. त्या नाही म्हणायच्या नाहीत.”

परतीच्या वाटेवरच रेडिओवर बातमी आली, की शेजाऱ्यांनी उदार मनाने तळं देऊ केलं आहे आणि करारासाठी अध्यक्ष लवकरच जातीने येत आहेत.

घरी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वरही केली नाही.

“अहो, माझ्या बाबांनी तुम्हाला मुलगी दिली होती. तळं दिलं नव्हतं.”

टकळीसाहेब खुलासा करू लागले. तो ऐकत तिने सगळ्या घड्या संपवल्या आणि मग शांतपणे सांगितलं, की तळं राहिलं तर घरी या, नाहीतर त्या धबधब्याकडेच राहायला जा, तोही बोलका आहे, तुमचं छान जमेल.

दुसऱ्या दिवशी टकळीसाहेब डॉक्टरांकडे गेले आणि वाचा बसण्याचं काही औषध आहे का म्हणून विचारलं. असं औषध असतं तर मी आधी माझ्या थोरल्या मेव्हण्याला दिलं नसतं का, असं डॉक्टर म्हणाले. मग टकळीसाहेबांनी बाईंनाच हात जोडले, की मला ताप आलाय असं समजा आणि त्या बैठकीला नेऊ नका. बाई विचारात पडल्या. टकळीसाहेबांनी ओठ चावून धरला.

“बसा तुम्ही,” बाई शेवटी म्हणाल्या. “त्यांनी तुमचा शब्द धरलाय. तुम्ही नसलात तर म्हणतील, शब्द देणारा पळाला.”

बैठकीच्या दालनात लांब टेबल, काचेचे पाण्याचे जग आणि डोक्यावर कुरकुरणारा पंखा. एका बाजूला बाई आणि टकळीसाहेब, दुसऱ्या बाजूला धबधबा आणि त्यांची माणसं. धबधबा सकाळपासून जे सुरू झाले ते मासे, माशांचे पूर्वज, पाण्याचं तत्त्वज्ञान असं सगळं फिरून जेवणाच्या वेळेला काठाला लागले. करार पुढे सरकवला आणि थांबले.

बाई पाण्याच्या जगाकडे बघत राहिल्या.

धबधब्यांना हेच हवं होतं. त्यांना कोणी तरी सांगून ठेवलं असणार, की बाई गप्प बसल्या की शेजारचा बोलतो. ते खुर्ची वळवून हसले. “सचिवसाहेब, तुम्हीच सांगा ना. शब्द तुमचा होता.”

टकळीसाहेबांच्या जिभेवर ‘अगदी तसंच नाही, पण’ एवढं येऊन उभं राहिलं. त्या ‘पण’च्या मागून काय काय येईल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तळंच आलं असतं, होड्यांसकट. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि नजर खाली टाकली. टेबलाखाली एक बूट हलत होता. टाच वर, टाच खाली. बूट धबधब्यांचा होता. टकळीसाहेबांनी हळूच वर पाहिलं, तर अध्यक्षांचा कंठमणी वरखाली होतोय आणि हात उगाच कोटाचं बटण फिरवतोय. अरेच्चा! हा तर आपल्याच माळेचा मणी. याच्याही पोटऱ्यांवर मुंग्या चालल्यात. आता फक्त कोणाच्या मुंग्या आधी चावतात, एवढाच प्रश्न होता.

पंखा कुरकुरत राहिला.

“म्हणजे अगदी सगळंच तळं असं नाही,” धबधबा म्हणाले. कोणी बोललं नाही. मग ते म्हणाले, खरं तर पाव तळं मिळालं तरी पुष्कळ. त्यावरही शांतताच. मग म्हणाले, आहे तेच काय वाईट आहे? इथे टकळीसाहेबांच्या जिवात जीव आला, पण धबधब्यांना आता थांबता येईना. आमच्या बाजूचंही थोडं घ्या, म्हणाले. मग सगळंच घ्या म्हणाले. मग तळ्याकाठची टेकडी दिली, टेकडीवरचं दीपगृह दिलं, तिथपर्यंत येणारी आगगाडी दिली आणि अर्थमंत्रीही घेऊन जा, माणूस हिशोबाला पक्का आहे, असं म्हणाले. अर्थमंत्री शेजारीच बसले होते. त्यांनी अध्यक्षांचा कोट ओढला, तर बाही शिवणीतून उसवली.

टकळीसाहेबांना आधी आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सासरे पलीकडच्या काठाला जाळं टाकताहेत आणि बायको आपल्याकडे कौतुकाने बघतेय, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. पण नजर पलीकडे गेली, तर तिथे तिकडचे मत्स्यमंत्री मान खाली घालून बसलेले. तळहात जाळं ओढून ओढून राठ झालेले, डोळे भरून आलेले. याच्याही घरी कोणी तरी घड्या घालत वाट बघत असेल. हा करार झाला, तर उद्या तिकडचे लोक फसवलं म्हणून काठावर सैन्य आणून उभं करतील. मग तळं कागदावर आपलं असेल, पण होडी कोणाचीच पाण्यात जाणार नाही.

त्यांनी बाईंकडे पाहिलं. त्या अजून पाण्याच्या जगाकडेच बघत होत्या. त्यांचा विचार योग्य ठिकाणी जाऊन टेकेल यात शंका नव्हती, पण तोवर संध्याकाळ झाली असती आणि धबधबा राजधानीही देऊन बसले असते. कोणी तरी बोलायला हवं होतं. टकळीसाहेबांनी आधी स्वतःच्या पोटऱ्या तपासल्या. एकही मुंगी नव्हती.

“पुरे,” ते म्हणाले. “तळं होतं तसं राहू द्या. त्या दिवशी मी बोललो ते माझं होतं, बाईंचं नव्हतं.”

धबधब्यांनी असा श्वास सोडला की टेबलावरचा करार उडून खाली पडला. त्यांनी समोरचा जग उचलून सगळं पाणी पिऊन टाकलं आणि टकळीसाहेबांचा हात दोन्ही हातांत घेऊन, आभार मानता मानता, पुन्हा टेकडीच देऊ केली. अर्थमंत्र्यांनी ती परत घेतली.

पाहुणे गेल्यावर बाईंनी चष्मा पुसला. “माझंही तिथेच येत होतं,” त्या म्हणाल्या. “जरा वेळ लागला असता.” मग दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. “टेकडी मात्र छान होती हो. तांबडी माती.”

टकळीसाहेब घरी पोचले. रेडिओने तळ्याची बातमी आधीच सांगितली होती. बायकोने पाणी दिलं, समोर बसली आणि म्हणाली, आता सांगा, काय काय बोललात.

“पुरे म्हणालो.”

तिने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. आणखी काही येईल म्हणून ती वाट पाहत राहिली. टकळीसाहेबांकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्यांना ही नवी गंमत लागली होती. ते तिच्याकडे नुसते बघत राहिले. ती पदराशी चाळा करू लागली.

“खरं सांगू?” ती म्हणाली. “मी बाबांना कळवून ठेवलं होतं, तळं गेलंच म्हणून समजा.”

अजून थोडं थांबलो तर आणखी निघेल, असं टकळीसाहेबांना वाटलं. ते थांबले आणि निघालं. टकळीसाहेबांची बॅग भरून मागच्या दाराशी तयार होती, आणि ती भरायला सासूबाई खास गावाहून आल्या होत्या. आत्ता स्वयंपाकघरात बसून त्या सगळं ऐकत होत्या.