बद्द आवाज

कारखान्यात त्यांना सगळे कानसेन म्हणायचे, आणि ते उगाच नाही. पोलादाचा तयार भाग दोरीला टांगायचा, लहान हातोडीने टक् करून मारायचं आणि ऐकायचं, हेच त्यांचं काम. खणखणीत वाजला तर पास. बद्द वाजला तर आत कुठेतरी तडा आहे, मग बाहेरून तो कितीही गोरागोमटा असो. नापास भाग तिथल्या तिथे करवतीने कापून टाकायचा, म्हणजे चुकून कोणी उचलून यंत्राला लावणार नाही. या बाबतीत ते कोणाच्या बापाचं ऐकत नसत.

निवृत्तीनंतर उरली सायकल. डोंगरात चालवायची, अस्सल पोलादी. पुढे झटके खायला स्प्रिंगा होत्या. मागे काही म्हणजे काही नाही. दगडावरून गेली की बातमी थेट माकडहाडाला. चाळिशीत घेतली तेव्हा कानसेन झोकात टांग मारून बसायचे. आता सायकल आधी तिरकी करायची, पाय पलीकडे टाकायचा आणि मग दोघांनी मिळून उभं राहायचं.

मुलगा म्हणायचा, "बाबा, मागे स्प्रिंग असलेली घ्या ना. कंबरेची वाट लागेल."

"कंबर माझी आहे ना? मग झालं तर," एवढं बोलून ते विषय तोडायचे.

अलीकडे मात्र सगळंच कसं बधिर होऊन गेलं होतं. टेकडीच्या वाटेवर पूर्वी पाखरांचा नुसता कलकलाट असायचा, आता एक पाखरू नाही. गेली असतील कुठेतरी. साखळीची कुरकुर थांबली होती, त्याचं श्रेय त्यांनी आपल्या तेलपाण्याला दिलं. बायको तर हल्ली तोंडातल्या तोंडातच बोलायची. उतारावर वारा अंगावर यायचा, पण पूर्वीसारखा जीव हरखायचा नाही. वाईटही वाटायचं नाही. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून ते घरी यायचे आणि सायकल पुसून ठेवायचे.

दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी सायकल खोलली. चाकं, हँडल, सीट सगळं उतरवून नुसता सांगाडा अंगणात दोरीला टांगला आणि हातोडी मारली.

बद्द.

जागा बदलून मारली. पुन्हा बद्द. डोळ्यांना चष्मा लावून सांधा न् सांधा तपासला, बोटं फिरवली. रंगाचा टवकासुद्धा उडालेला नव्हता. पण डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांनीच तर जन्मभर नव्या लोकांना शिकवलं होतं. रडू यायला हवं होतं. ते वाट बघत उभे राहिले, पण आलं नाही.

त्यांनी मुलाला फोन लावला. "सांगाड्याला तडा गेलाय."

"दिसतोय?"

"दिसत नाही. ऐकू येतोय."

"मग मला द्या ती. लहानपणापासून डोळा आहे माझा तिच्यावर. रविवारी येऊन घेऊन जातो."

"डोकं फिरलंय का तुझं? उतारावर मोडली तर दात घशात जातील!"

"बघू. मी येतोय," म्हणून त्याने फोन ठेवलासुद्धा. हट्टी कार्टं, थेट बापावर गेलेलं. दुरुस्तीच्या नावाखाली नेईल, रंग मारेल आणि बसेल तिच्यावर. कानसेनांना ते डोळ्यांसमोर दिसलं, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना खरोखर भीती वाटली.

शनिवारी सकाळीच त्यांनी करवत काढली. हाताला घाम, खांद्याला कळ, पण थांबले नाहीत. वरची नळी कापली, खालची कापली. सांगाड्याचे दोन तुकडे झाले तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. आता लेक वाचला.

मग तडा शोधायला त्यांनी तुकडे उन्हात धरले. कापलेल्या कडा लख्ख होत्या. सांध्याजवळ आणखी कापून पाहिलं. तिथेही पोलाद एकसंध, नव्यासारखं. असं कसं होईल? वरच्या नळीचा सुटा तुकडा दोरीला टांगून त्यांनी हातोडी मारली. बद्द. जोरात मारली. बद्द. पुन्हा, पुन्हा.

बायको तरातरा बाहेर आली. "अहो, पुरे करा की आता! सकाळपासून घंटा बडवताय, डोकं उठलं माझं!" ती अगदी जवळ येऊन ओरडत होती, म्हणून त्यांना शब्द न् शब्द कळला.

"घंटा?"

"मग काय तर! केवढं खणखणीत वाजतंय ते. पार कोपऱ्यावर ऐकू जात असेल."

त्यांनी हातोडी उचलली आणि आणखी एक ठोका मारला, या वेळी नळीकडे न बघता बायकोच्या तोंडाकडे बघत.

तिने दोन्ही कानांवर हात ठेवले.