हेलिकॉप्टर माशांना मूठमाती

आमच्या घराण्यात चार पिढ्यांत कुणी माशाला हात लावलेला नाही, आणि गावातले सगळ्यात दमाचे पाणबुडे मात्र आमच्याच घरात. माझा नवरा सिद्धलिंग आणि धाकटा दीर शिवकांत चारठाण्याच्या आजोळी बारवेत पोहायला शिकले. दोघं पाण्याखाली इतका वेळ राहतात की काठावरची माणसं देवाचं नाव घ्यायला लागतात. घरात मात्र ह्याच दोघांना डोळ्यांपुढचं मिठाचं भांडं सापडत नाही.

त्यांना माशांच्या नादी लावलं कडूबाईनं. कडू भोयाची, गावतळ्यात मासे धरते. आम्ही दोघी एकाच वर्षी नवऱ्या होऊन ह्या गावात आलो. तिचा नवरा वारला, लेक चाकणला दिली, तरी ही जाळं घेऊन तळ्यावर उभी. गावात माझ्याशी मनातलं बोलणारी आणि मनापासून भांडणारी ती एकटीच.

दोन वर्षांपूर्वी तळ्यात हेलिकॉप्टर मासा आला. खरा तो काचेच्या पेटीत पाळायचा परदेशी मासा. कुणा शौकिनाला नकोसा झाला असेल, दिला सोडून. अंगावर काळं काटेरी चिलखत. रोहूची अंडी खातो, रात्री जाळ्यात शिरला की जाळं फाडतो, आणि त्याला फुकटसुद्धा कोणी घेत नाही. दिवसा तळाशी दगडांच्या कपारीत बसतो, तिथून त्याला हातानंच उचलावं लागतं.

"तिरवेणी, शिवरात्रीपर्यंत बघते," कडू म्हणाली. "न्हाई जमलं तर लेकीकडं जाते. जाळं तरी किती डाव शिवू?"

त्याच दुपारी मी कडूला घरी घेऊन आले आणि दोघा भावांपुढं हे मासे काढायचा विषय काढला. दोघं एका पायावर तयार. आडवी आली माझी सासू भागम्मा. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून ही बाई अंगणातसुद्धा नागमोडी चालते.

"काढा," शेवटी ती म्हणाली. "कडूबाईचं पोट हाय त्याच्यावर. पर आपल्या हातानं काढलेला जीव आपल्या देखत कुणी मारायचा न्हाई. आपोआप मरंल तवा मरंल. मग रीतसर माती द्यायची."

आम्हा लिंगायतांत मेलेल्याला जाळत नाहीत, पुरतात. विभूती लावून, बेल वाहून. आता हा मान हेलिकॉप्टरलाही मिळणार होता. कडूनं माझ्याकडं बघत ओठ दाबले, पण गरज तिची होती.

"जशी तुमची मर्जी, आई," ती म्हणाली.

झालं, दर रविवारी मोहीम निघायला लागली. वेल्डिंगचे हातमोजे, जिंतूरहून आणलेले पोहायचे चष्मे, बुडून राहायला कमरेला दगड. सासू दोघांच्याही गळ्यातल्या इष्टलिंगाची दोरी ओढून बघायची आणि मगच त्यांना पाण्यात सोडायची. तासाभरात टोपली भरायची. काठावर ठेवलेले मासे थोडा वेळ तोंड हलवायचे आणि मग निपचित पडायचे. सासू एकेकाला विभूतीची तीन बोटं ओढायची. शिवकांत काठालगतच्या मऊ गाळात खड्डे करायचा, कारण वरची कडक जमीन खणायचा त्याला कंटाळा. "पाण्यातला जीव पाण्याजवळच बरा," असं म्हणून सासूनं त्याच्या आळसाला शास्त्रही जोडून दिलं. बेल टाकायचं काम माझं.

चार रविवारांत दीडशेच्या वर मासे पुरले. कडूचं जाळं मात्र फाटतच होतं. पाचव्या रविवारी शिवकांत पाण्यातून वर आला तो ओरडतच.

"दादा, ह्याला आपुन मागंच पुरलंय!"

"येडा झालास का?" आमचे हे म्हणाले.

"आरं बघ की! शेपटीचा तुकडा न्हाई, डाव्या अंगाचा काटा मोडलेला. माज्याच मोज्यात मोडला होता. म्या सोता खड्डा केला ह्याचा!"

सगळे गाळाकडं धावलो. खड्डे वरून शाबूत, बेलाची पानं जागच्या जागी वाळलेली. आणि पाण्याच्या बाजूनं जिकडंतिकडं मनगटाएवढी भोकं. कडूनं कपाळावर हात मारून घेतला.

"आवो, हा मासा पाण्याभाईर लय येळ दम काढतो! आन काठाच्या गाळात बिळं करून ऱ्हायची तर त्याला खोडच हाय. तुमी दर ऐतवारी त्याला घरी पोचवायलाव!"

"मग आधी कामून न्हाई सांगितलंस?" मी उलट तिच्यावरच खेकसले.

"तुमी कुठं पुरताव हे म्या बघितलंच कवा? तुमची विभूती सुरू झाली की मला हसू आवरंना. म्हणून मी त्या अंगाला जायची."

मग मलाही आवरेना. दीडशे माशांची विधिपूर्वक पाठवणी केली होती आम्ही, बेलपत्रासकट! दोघे भाऊ गाळात बसून हसायला लागले. हसत नव्हती ती फक्त कडू. शिवरात्र तीन दिवसांवर आली होती. ती जाळं गुंडाळायला लागली.

"तुमी लय मेहनत केली," ती म्हणाली. "मनाला लावून घेऊ नका. जाते मी लेकीकडं."

माझं हसू जागच्या जागी विरलं. तेवढ्यात सासू टोपलीपाशी जाऊन बसली. टोपलीत त्या दिवशीचे अकरा मासे होते. कडूचं लाकडी दांडकं तिथंच पडलं होतं, ते तिनं उचललं.

"कडूबाई, एका घावात कसं मारतेत, दाव मला."

"माय, काय करायलीस?" शिवकांत ओरडला.

"गप बस. माझ्या हट्टापायी हिचं घर मोडायलंय. ते मलाच निस्तराया पायजे." तिनं एक मासा पुढ्यात ओढला आणि कडूकडं बघितलं. "फकस्त त्यो तडफडाया नगं. तेवढं शिकव."

कडू जाळं टाकून आली. तिनं सासूचा हात धरला आणि हळूच दांडकं सोडवून घेतलं.

"द्या हिकडं, आई. मारायचं काम माझं. तुमी डोळे मिटा. आन माती द्यायची तर वर कोरड्या रानात द्या."

सासूनं डोळे मिटले नाहीत. अकराही मासे होईपर्यंत ती कडूच्या शेजारी बसून राहिली आणि एकेकाला विभूती लावत गेली. एकही मासा तडफडला नाही.

टोपली उचलता उचलता कडू शिवकांतला म्हणाली, "पुढच्या ऐतवारी येताना टिकाव आण रं. वरची जमीन लय कडक हाय."

शिवरात्र बुधवारी होती, पुढचा रविवार तिच्यानंतरचा. मी कडूच्या पाठीत एक धपाटा घातला आणि भर तळ्यावर, सगळ्यांदेखत रडले.