थांब ना नव्हे, थांब

"तुम्ही माझ्या घशात हात घातलात. तुमच्याआधी डॉक्टरांनी घातला होता, पण त्यांनी मला विचारलं होतं. तुम्ही कोणाला विचारलंत?"

प्रश्न चंद्राबाईंचा, आवाज फोनचा. कॅन्सरच्या ऑपरेशनात स्वरयंत्र गेल्यापासून त्या टाइप करायच्या आणि फोनमधली बाई वाचून दाखवायची. ही बाई शिवीसुद्धा गाडी उशिरानं धावत असल्याच्या घोषणेसारखी द्यायची. त्यामुळे चंद्राबाईंचा राग समोरच्यापर्यंत पोचेपर्यंत निम्मा थंड व्हायचा. आज तो थंड होऊ द्यायचा नाही, असं ठरवूनच त्या बंगळूरच्या जयनगरहून एचएसआर लेआउटला, गाण्याच्या कंपनीत आल्या होत्या.

समोर कंपनीची हर्षिता बसली होती, दोनच वर्षांपूर्वी पुण्याहून आलेली. शेजारी चंद्राबाईंचा मुलगा रघुनंदन. तो टेबलाकडे बघत होता.

"काकू, प्लीज चिडू नका ना," हर्षिता म्हणाली. "गाण्याची अ‍ॅनिव्हर्सरी आहे, म्हणून नवीन व्हर्जन करतोय. सगळा साउंड फ्रेश केलाय. तुमचा तो पार्ट जरा नॉइझी होता, इतकंच."

तो पार्ट!

गाण्याचा इतिहास कंपनीनं छापलाय तो असा: गायक वादिराज सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्ये अडकला आणि त्याला 'स्वल्प थांब' ही ओळ सुचली. साफ खोटं. वादिराजला ट्रॅफिकमध्ये फक्त लघवीला लागायची.

चंद्राबाईंनी आख्खी नोकरी एका हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काढली. कोणी रडत फोन करायचं, कोणी बिलावरून आईबहीण काढायचं. वॉर्डाची लाइन लागेपर्यंत त्या सगळ्यांना दोन कन्नड शब्दांवर धरून ठेवायच्या: "स्वल्प इरी." जरा थांबा. शहाजीराजांबरोबर इकडे आलेलं घराणं, घरात मराठीच. पण बोर्डावरून उठून आलेल्या बाईच्या तोंडात अर्धं कन्नड उरायचंच. घरी त्याचं "स्वल्प थांब" व्हायचं. नवऱ्याला स्वल्प थांब, इडलीवाल्याला स्वल्प थांब, नैवेद्य दाखवेपर्यंत देवालाही स्वल्प थांब.

गाणं जन्मलं त्या दुपारी मागच्या खोलीत रघू, वादिराज आणि ड्रमवर गुरुप्रसाद असा तिघांचा धिंगाणा चालला होता. पुढच्या खोलीत चंद्राबाईंच्या कानाला फोन. बेळगावहून वहिनी काहीतरी सांगत होती, आणि गिटारच्या किंचाळण्यात फक्त "गिरीराज" एवढंच ऐकू येत होतं. गिरीराज म्हणजे धाकटा भाऊ. चंद्राबाईंनी दार लाथेनं उघडलं.

"रघू! स्वल्प थांब!"

पोरांचे हात होते तिथंच राहिले. त्या शांततेत त्यांना फोनवरचं पुढचं वाक्य ऐकू आलं. गिरीराज गेला होता. त्या हुंदका गिळून मागे वळल्या, आणि घाबरलेल्या गुरुप्रसादच्या हातून काठी ड्रमवर पडली. धप्प.

पोरांचं रेकॉर्डिंग तेवढा वेळ चालूच राहिलं होतं. सुतक फिटल्यावर वादिराज धावत आला. "चंद्रक्का, गाणं हेच आहे. बाकी आम्ही वाजवतोय तो नुसता कचरा."

त्यानं भावाच्या मरणाचं गाणं केलं नाही, हे त्याचं शहाणपण. त्यानं गाणं केलं ते न थांबणाऱ्या शहराचं. मधेच गिटार तुटल्यासारख्या बंद, बाईची आरोळी, शांतता, धप्प, आणि पुन्हा आग. हेब्बाळच्या कार्यक्रमात मैदानभर पोरं त्या जागी श्वास रोखून उभी राहिली. मराठी येणारी त्यात मूठभर असतील. बाजारात भाजीवाली चंद्राबाईंना चिडवायची, "अक्का, काल बसमध्ये मला ओरडलात की हो!"

मग तो आवाजच गेला. गळ्याला भोक राहिलं, त्यावर पातळ रुमाल. घरात त्या आरोळीशिवाय त्यांच्या आवाजाची दुसरी कुठलीही खूण नव्हती. रोज जेवायला येणाऱ्या आईचा आवाज कोण जपून ठेवतं?

"काकू, ऐकून तर बघा." हर्षितानं लॅपटॉपवर नवं गाणं लावलं. गिटार थांबल्या. आणि मग मुंबईच्या कुणा गायिकेचा, साखरेत घोळलेला गळा:

"थोडं थांब ना..."

ना! चंद्राबाईंच्या कानशिलात कुणी वाजवल्यासारखं झालं. ते 'ना' प्रियकराच्या बाहीला लोंबकळत होतं. जन्मात त्यांनी कुणाला थांब ना म्हटलं नव्हतं. त्या थांब म्हणायच्या, आणि माणसं थांबायची.

"स्वल्प काढलं का?" फोनमधल्या बाईनं विचारलं.

"ते महाराष्ट्रातल्या ऑडियन्सला कनेक्ट होत नाही. प्रॉपर मराठी नाहीये ना ते."

"शाळेत स्वल्पविराम शिकवला नाही तुम्हाला?"

"ते ग्रामर झालं, काकू."

"सरी, बरं. तुमचं तुम्ही ठेवा, माझंही राहू दे. दोन्ही राहू देत."

"नाही होणार. वरून ठरलंय, एकच ठेवायचं. उद्यापासून जुनं सगळीकडून निघेल."

"वर कोण?"

"म्हणजे मॅनेजमेंट."

"नाव?"

"तसं एक नाव नसतं, काकू. टीम असते."

"आत येताना मी वर बघितलं. तिथं पाण्याची टाकी आहे. टाकीनं ठरवलं?"

रघुनंदनला हसू फुटलं. ते त्यानं खोकल्यात लपवलं आणि मग एकदम बोलून टाकलं, "आई, मी हो म्हटलं. मला विचारलं होतं त्यांनी."

चंद्राबाईंनी मान वळवली.

"रोज सकाळी स्वयंपाकघरात लावतेस तू ते. तेवढाच तुकडा, परत परत. मी दाराआडून बघतो. तुला त्रास होतो गं."

त्यांची बोटं सावकाश चालली. "त्रास मला होतो की तुला?"

मग हर्षिताच समजावू लागली, इंग्रजीत. रघूही बोलू लागला, तो हर्षिताशी, आईला सोडून. लॅपटॉपवर गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं होतं. चंद्राबाईंनी टाइप केलं. फोनमधली बाई बोलली, कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी आवाज पूर्ण वाढवला. तरी नाही. ते दोघं चंद्राबाईंच्याच आवाजाचं काय करायचं ते ठरवत होते, आणि त्या तिथं नव्हत्याच.

चंद्राबाई उठल्या. तळहात उगारला आणि टेबलावर आपटला.

धप्प.

हर्षिताचं बोट दचकून बटणावर पडलं, गाणं तुटलं. रघूचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं; हात गिटार धरल्यासारखा अधांतरी. त्याला गाण्यातली ही जागा माहीत होती. त्याचे डोळे भरून आले.

खोलीत आता फक्त गळ्यावरच्या रुमालातून आतबाहेर जाणारी हवा ऐकू येत होती. चंद्राबाई पुन्हा खुर्चीत बसल्या, त्यांनी फोनमधल्या बाईचा आवाज बंद केला. पुढचं वाक्य त्यांनी नुसतं लिहिलं आणि पडदा दोघांच्या तोंडासमोर धरला.

"आता सांगा. माझा आवाज कुणी पुसला? टीम नको, नाव सांगा. मी बसलेय."