थेट चंदगड

वर्धमानअण्णांना कुणाला काही विचारायचं म्हणजे कमीपणा वाटायचा. लक्ष्मीपुरीत त्यांचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान. चाळीस वर्षं लोक त्यांनाच विचारत आलेले, अण्णा, हा काटा खरा की खोटा. त्यामुळे जगातल्या बाकी सगळ्या बाबतींतही शेवटचा शब्द आपलाच, अशी त्यांची समजूत होऊन बसली होती. तेव्हा कोल्हापूरच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीतून ‘सव्वादोनला थेट चंदगड’ एवढं कानावर पडलं आणि पुढचं ऐकायला ते थांबलेच नाहीत.

त्यांच्या पत्नीचं, अरुणाबाईंचं, मत वेगळं होतं. समोरच दोनची गडहिंग्लज विनाथांबा उभी होती. त्या गाडीनं गडहिंग्लज गाठावं आणि तिथून चंदगडची मिळेल ती गाडी धरावी, असं त्यांनी दोनदा सुचवून पाहिलं. अण्णांनी हात झटकला. थेट गाडी असताना मधेच उतरून दुसरी गाडी शोधत फिरायला आपण काय खुळे आहोत? थेट म्हणजे थेट. इथून सुटली की तिथंच. पाचला चंदगड आणि सव्वापाचला पानावर.

पानावर वेळेत बसणं हाच तर त्या दिवसाचा सगळा मुद्दा होता. अण्णांचा मुलगा अनेकांत गोव्यात नोकरीला. त्यानं चंदगडजवळच्या एका शेतकऱ्याच्या मुलीशी, पूर्णिमाशी, लग्न करायचं ठरवलं होतं. मुलगी आपल्यातली नाही, जैन नाही, म्हणून अण्णांनी वर्षभर घर डोक्यावर घेतलं. मग एके दिवशी दूध संस्थेत काम करणारी एक मुलगी दुकानात आली. तिच्याबरोबर संस्थेचा काटा होता. काटा दहा ग्रॅम कमी दाखवतोय, शेतकऱ्याचं दूध बुडतंय, आत्ताच्या आत्ता नीट करून द्या, असं म्हणून ती स्टुलावर ठाण मांडून बसली आणि दुरुस्त झालेला काटा तीनदा तपासून घेतल्याशिवाय हलली नाही. ती पूर्णिमाच होती हे अण्णांना ती गेल्यावर कळलं. त्या दिवसापासून त्यांचा विरोध मावळला, फक्त ते कबूल करायला त्यांना आणखी दोन महिने लागले.

आता अडचण पूर्णिमाच्या वडिलांची होती. गुंडू हा माणूस गडगंज नव्हता, पण मानी होता. दोन वर्षांपूर्वी शहरातलंच एक स्थळ त्यांच्या घरी येऊन गेलं होतं. त्या लोकांनी जेवून आलोय म्हणून चहालासुद्धा तोंड लावलं नाही आणि घरी पोचल्यावर नकार कळवला. ते गुंडूंच्या जिव्हारी लागलं होतं. त्यांनी अनेकांतला स्पष्ट सांगितलं होतं की तुझे आईवडील आमच्यात जेवले तर पुढचं बोलू. आमच्या हातचं न खाता गेलेल्या पाहुण्याच्या घरात मी मुलगी देणार नाही. आणि अण्णांना तर दिवस मावळल्यावर जेवायचं नाही असा नियम. बत्तीस वर्षांपूर्वी मुनिमहाराजांपुढं घेतलेला. अनेकांतनं हे सांगितल्यावर गुंडू म्हणाले होते की हरकत नाही, आमची चूल दुपारीच पेटेल, तुम्ही दिवसाउजेडी या म्हणजे झालं.

गाडी सुटली आणि पाच मिनिटांत थांबली. मग आणखी थोडी पुढं जाऊन थांबली. कागलला थांबली, निपाणीला थांबली, आणि मधे कुणी बाई शेताच्या बांधावरून हात हलवत पळत आली तर तिच्यासाठीही थांबली. अण्णा मनगटावरच्या घड्याळाकडं पाहायचे, मग ड्रायव्हरच्या पाठीकडं. संकेश्वरच्या अलीकडं त्यांचा संयम संपला. कंडक्टर क्रांती नावाची तिशीतली बाई होती. तिला जवळ बोलावून त्यांनी हिशेबच मागितला: थेट गाडी म्हणता आणि दर झाडाखाली उभी करता, हा काय प्रकार?

क्रांतीनं तिकिटाचं मशीन बगलेत धरलं आणि लहान पोराला समजवावं तसं समजावलं. “काका, थेट म्हंजे तुमाला गाडी बदलाय लागत न्हाय, एवढंच. मधी थांबत न्हाय ती विनाथांबा. ही थेट हाय, पर हात केला की थांबणार.”

“थेट म्हणजे सरळ की हो,” अण्णा म्हणाले.

“सरळच चाललोय की. थांबत थांबत.”

मागच्या बाकावरचे दोघं फिदीफिदी हसले. अण्णांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांची वजनं खरी करणाऱ्या माणसाला एका साध्या शब्दाचं वजन कळलं नव्हतं, आणि ते बायकोच्या देखत. अरुणाबाईंनी मात्र ‘मी सांगत नव्हते का’ असं काही म्हटलं नाही. त्या न बोलल्यामुळे अण्णांना जास्तच लागलं.

मनातल्या मनात त्यांनी वेळेचा हिशेब मांडला. हे असंच चाललं तर चंदगडला पोचेपर्यंत साडेसहा होणार. दिवस सव्वासहाच्या आसपास मावळणार. गुंडूंच्या दारात अंधारात जाऊन उभं राहायचं आणि भरल्या ताटाला नमस्कार करून म्हणायचं, माफ करा, आम्हाला चालत नाही. तो माणूस काय समजेल? गंमत अशी की सहा महिन्यांपूर्वी असा उशीर झाला असता तर अण्णांनी देवापुढं साखर ठेवली असती. आज मात्र त्यांना भीती वाटत होती. पोराचं तोंड डोळ्यांपुढं येत होतं, आणि स्टुलावर ठाण मांडून बसलेली ती मुलगीही.

गडहिंग्लज जवळ आलं तसे ते हळूच म्हणाले, “मी आज रात्री जेवतो.”

अरुणाबाईंनी चमकून पाहिलं. बत्तीस वर्षांत ताप असो, लग्नकार्य असो, या माणसानं नियम मोडलेला त्यांनी पाहिला नव्हता. त्या म्हणाल्या, “नगं. मन मारून घास गिळलासा तर त्यास्नी तो दिसणार न्हाय व्हय? तसलं जेवण कुणालाच गोड लागायचं न्हाय.”

गडहिंग्लजच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. अरुणाबाई बाटलीत पाणी भरून आणते म्हणून उतरल्या आणि गाडी सुटायच्या बेताला परत आल्या. बाटली निम्मीच भरली होती. अण्णांनी त्यावरूनही त्यांना टोकलं, कारण राग कुठंतरी काढायलाच हवा होता.

नेसरी मागं पडली. दिवस कासराभर उरला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजूच्या बागा सुरू झाल्या आणि गाडीचा वेग पुन्हा कमी झाला. पुढं एका फाट्यावर कुणीतरी रस्त्याच्या मधोमध उभं राहून दोन्ही हात हलवत होतं. अण्णांनी कपाळावर हात मारला. आता आणखी कोण?

गाडी थांबली. हात हलवणारा धिप्पाड माणूस दारातून वर चढला आणि आत नजर फिरवत मोठ्यानं म्हणाला, “कोल्हापूरचं काटेवालं पावणं कोण?”

ते गुंडू होते. खाली त्यांची पिकअप उभी होती, स्टेअरिंगवर गोव्याहून आलेला अनेकांत, आणि त्याच्या शेजारून डब्यांचं गाठोडं सांभाळत शालूबाई, म्हणजे पूर्णिमाची आई, उतरत होत्या. अण्णांनी बायकोकडं पाहिलं. अरुणाबाईंनी पदर सारखा केला. गडहिंग्लजला पाणी भरता भरता त्यांनी शालूबाईंना फोन करून सगळं सांगून टाकलं होतं, थेट गाडीची फजितीसुद्धा.

“उतरा बिगीबिगी,” गुंडू म्हणाले. “दिवस आमचं ऐकायचा न्हाय.”

क्रांतीनं ड्रायव्हरकडं पाहिलं. ड्रायव्हरनं फाट्यावरच्या चहाच्या टपरीकडं पाहिलं आणि इंजिन बंद केलं. फाट्यावरच्या एसटीच्या निवारा शेडमधल्या बाकावर शालूबाईंनी केळीची पानं मांडली. तांदळाच्या भाकरी, काजूची उसळ, दोडक्याची भाजी, ताक आणि गव्हाची खीर. कांदा नाही, लसूण नाही, जमिनीखालचं काहीच नाही. हे सगळं पूर्णिमानं आईला लिहून दिलं होतं. शालूबाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या की असं उघड्यावर वाढायला लागलं, घरी पाट-रांगोळी केली होती.

गुंडू मात्र जेवत नव्हते. ते उभे राहून अण्णांच्या हाताकडं पाहत होते. एवढा रांगडा माणूस, पण त्याची नजर परीक्षेच्या निकालाला आलेल्या बापासारखी झाली होती. अण्णांच्या ते ध्यानात आलं आणि त्यांना वाटलं, आपण दुपारपासून ज्या भीतीनं वाळत होतो, तीच या माणसानं दोन वर्षं उराशी बाळगली आहे. पान थोडं पुढं सरकवून ते म्हणाले, “वैनी, आणखी एक भाकरी वाढा. आणि उसळही.”

एक मागितल्यावर शालूबाईंनी दोन वाढल्या. गुंडूंनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं, डोळ्यांवरूनही एकदा फिरवून घेतला, आणि उरलेली खीर गाडीतल्या लोकांना वाटायला स्वतःच निघाले. मघाशी फिदीफिदी हसलेल्या दोघांनी द्रोण दोनदा पुढं केला. अण्णांनी हात धुतले तेव्हा डोंगरावर सूर्याची कड अजून शिल्लक होती.

आता पिकअपमधूनच पुढं चला, असा सगळ्यांचा आग्रह पडला. अण्णा म्हणाले की लहान गाडीत घाटाची वळणं मला सोसत नाहीत, आत्ताच जेवलोय, मी एसटीनंच येतो. मग गुंडूही पिकअप सोडून त्यांच्या शेजारी खिडकीपाशी येऊन बसले. बायका अनेकांतबरोबर पुढं गेल्या.

गाडी पुन्हा थांबत थांबत निघाली. या भागात गुंडूंना न ओळखणारं कुणी नव्हतं. पुढच्या थांब्यावर एक म्हातारबा चढले, तसे गुंडू जागेवरून उठून म्हणाले, “तात्या, हे आमचं व्याही. कोल्हापूरचं.”

व्याही. हा शब्द आजवर कुणीच उच्चारला नव्हता. अण्णांनी म्हातारबांना हात जोडले. त्याच्या पुढच्या थांब्यावर दोघं चढले, त्यांनाही तेच सांगून झालं. त्याच्या पुढच्या थांब्यावरही. प्रत्येक वेळी अण्णा सदरा नीट करून हात जोडत होते.

मग बराच वेळ कुणी हात केला नाही. गाडी वेगानं धावू लागली. बाहेर संधिप्रकाशात लांब पायवाटेवर एक बाई डोक्यावर पाटी घेऊन सावकाश चालत येत होती. अण्णा अर्धवट उठून उभे राहिले.

“ओ क्रांतीताई,” ते म्हणाले, “थांबवा की जरा. त्या बाई यायलाल्यात.”