अण्णांचं खाकरणं

धायरीच्या हिंदुराव अण्णांना दुसऱ्याच्या दुखण्यात लक्ष घालायची भारी हौस. त्यातून सुनेचाच घोटा मोडलेला, म्हणजे तर घरचंच कार्य. तनुजा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची. एकदा उतरताना पाय वाकडा पडला आणि ऑपरेशन करून आत पट्टी-स्क्रू बसले. प्लास्टर निघालं, टाके सुकले, पण सूज हटेना. पाय टरटरून फुगलेला, त्यामुळे घोटाही वाकेना. आणि पाय उजवा, म्हणजे ब्रेकचा. जूनला शाळा उघडायच्या आत तो वळला नाही तर पालक दुसरी व्हॅन बघणार होते, आणि एकदा गेलेली मुलं परत येत नाहीत.

फिजिओथेरपीसाठी रुमाना मॅडम घरी यायच्या. त्यांचं सांगणं सोपं होतं. पडून राहायचं, पाय उशांवर छातीपेक्षा वर, मधूनमधून टॉवेलात गुंडाळून बर्फ, आणि पंजा नाकाकडे ओढून मग पुढे दाबायचा. सूज उतरली तर पंजा हलेल, नाहीतर सांधा आखडून बसेल.

अण्णांनी हे कान देऊन ऐकलं आणि देखरेख सुरू केली. चहा झाला की चक्कर, पेपर झाला की चक्कर. दाराशी खाकरायचं, कारण सुनेच्या खोलीत न खाकरता शिरणारा सासरा त्यांनी पाहिलेला नव्हता. मग खुर्चीत बसून तासभर सल्ले द्यायचे. दर वेळी तनुजा आपली ताठ बसलेली आणि पाय जमिनीवर.

शेवटी त्यांनी रुमाना मॅडमकडे तक्रार केलीच. "मॅडम, ही पाय वर ठेवतच न्हाई. कवाबी बघा, खालीच."

"दिवसभर वरच असतो, अण्णा," तनुजा म्हणाली.

"म्हंजी मी आंधळा?"

तनुजाचा चेहरा पडला. रुमाना मॅडमनी घोट्यावर बोट दाबलं. खड्डा पडला तो भरून येईना.

"घोट्याला तुमच्या वादात काही रस नाही," त्या म्हणाल्या. "हे असंच राहिलं तर जून विसरा."

अण्णांना जेवण गेलं नाही. बाईमाणूस व्हॅन चालवणार म्हणून भावकी नाकं मुरडत होती, तेव्हा हेच एकटे सुनेच्या बाजूनं उभे राहिले होते. तिनं आता तोंडावर खोटं बोलावं, हे त्यांना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी ते मागच्या अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होते. खिडकी उघडी होती. आत तनुजा पडलेली, पाय उशांच्या ढिगावर, आणि ओठ दाबून ती पंजा नाकाकडे ओढत होती. अण्णांना बरं वाटलं. शाबासकी द्यावी म्हणून ते खाकरले.

पाय झटक्यात खाली आला. तनुजा उठून बसली, ओढणी सावरली आणि कळ दाबत डोळे मिटून राहिली. आपण काय केलं हे तिच्या ध्यानातही नव्हतं. थोरांकडे पाय करून लोळू नये, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं.

अण्णा पाइप धरून तसेच उभे. पाणी आळ्यातून वाहून फरशीवर आलं तरी त्यांना कळलं नाही. आपल्याच मायेनं पोरीचा पाय सुजत होता, आणि वर तिला खोटं पाडलं होतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

दुपारी ते न खाकरता आत शिरले. तिचा पाय हलायच्या आत खुर्ची ओढली, बसले आणि आपले दोन्ही पाय तिच्या पलंगावर ठेवले, भेगाळलेले तळवे सरळ तिच्याकडे. भावकीतल्या वैऱ्याकडेही त्यांनी कधी असे पाय केले नव्हते.

"अण्णा, हे काय?"

"माझ्याबी पायांना सूज हाय," अण्णा म्हणाले. पाय म्हणजे नुसत्या काटक्या होत्या. "ऱ्हाऊ दे तुझा वरच."

तनुजा त्या तळव्यांकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. पाय उशांवरच राहिला.

"आता वड नाकाकडं," म्हणत अण्णांनी स्वतःचा पंजा ओढला. तिनंही ओढला. "आन् आता दाब. ब्रेक दाब."

तिनं दाबला. पंजा बोटभर पुढे गेला.

"एवढ्यावर गाडी न्हाई थांबायची," अण्णा म्हणाले. "परत."