पेटीतलं वैकुंठ

गेल्या साली कापसाला असा भाव आला, की तिवस्याकडच्या आमच्या गावात बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. आता गावात पैसा आला, की मागोमाग बुवा यायचाच. गुळाचा पत्ता माश्यांना सांगावा लागत नाही. आमच्या वाट्याला आले ते निरंजनबाबा. सकाळपासून खुशालराव पाटलांच्या ओट्यापुढे ही गर्दी! कारण बाबा लाकडी पेटीत वैकुंठ दाखवत होते.

पेटीला दोन काचा होत्या. त्यांना डोळे लावले, की माणूस "अगं माय!" म्हणून मागे सरे. भलाथोरला घुमट अंगावर येई, खांबांच्या रांगा खोल आत जात, हात घातला तर लागतील अशा. हे विष्णूचं शिखर, असं बाबा सांगत. मग आत दुसरी पाटी सरकवत. हा तीन कोनांचा मेरू पर्वत. आणि हा कलियुगाचा खांब, बघा कसा कलला आहे; पुरता पडला की प्रलय. बाबांच्या जपावरच तो तगून होता म्हणे. आणि जपाने घसा सुकतो, म्हणून बाबांना रोज शेरभर तूप लागे.

पाप्याला यातलं काही दिसत नाही, हे ते प्रत्येकाला आधीच बजावत. मग कोण म्हणणार नाही दिसलं? मोतीबिंदू झालेले नत्थुजीसुद्धा झकास दिसलं म्हणून हात जोडून उठले.

फक्त सहदेवाची बायको मैनाबाई खरं बोलली. लहानपणी देवी आल्या, त्यात तिचा डावा डोळा गेलेला. ती म्हणाली, "मले तं नुसतं कागदावरचं चित्र दिसते, महाराज."

बाबांना हेच हवं होतं. पौषात तिचा तान्हा मुलगा दगावला होता, ते त्यांनी कुणाकडून तरी काढून ठेवलं असणार. हिच्याच पापाने पोर गेलं, ही घरात राहिली तर पोरगीही जाईल, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. सासू पार्वताबाईंनी तिथल्या तिथे नातीला, छोट्या जमुनाला, आईच्या कडेवरून ओढून घेतलं. मैनाबाईला एकटीला मोर्शीला माहेरी धाडायचं ठरलं. आणि सहदेव, एवढा धिप्पाड गडी, मातीकडे बघत उभा राहिला. मला त्याची चीड आली.

मी गावच्या शाळेचा मास्तर. मैनाबाई रडत शाळेच्या पायरीशी आली. "मास्तर, मी पापी असन तं असन. पण माही पोरगी मले द्याले सांगा."

नेमकं काय दिसलं, ते मी तिला विचारलं. मोठं देऊळ होतं, पण सपाट, भिंतीवर काढल्यासारखं, असं ती म्हणाली. एवढ्या एका शब्दाने माझं टाळकं जागं झालं. सपाट? बाकीचे तर खोल, खोल करत होते.

तसाच तिला घेऊन पाटलांच्या ओट्यावर गेलो आणि पेटी डोळ्यांना लावली. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. मग मी डावा डोळा मिटला. वैकुंठ गेलं, कागद राहिला. डोळा उघडला, वैकुंठ हजर!

बाबा ओरडेपर्यंत मी पाटी उपसून काढली होती. तिच्यावर एकाच देवळाची दोन चित्रं शेजारी शेजारी चिकटवलेली. खाली इंग्रजीत रोम शहराचं नाव. मेरू म्हणजे मिसर देशातला पिरॅमिड, आणि कलियुगाचा खांब म्हणजे इटलीतला एक जुना मनोरा, पाया खचलेला. परदेशच्या इमारतींची यंत्राने काढलेली चित्रं ती, साहेबलोकांच्या करमणुकीची.

मी लोकांना म्हटलं, नाकापुढे बोट धरा. आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. समोरच्या निंबापुढे बोट सरकतं की नाही? दोन डोळे थोडं वेगळं बघतात. ही दोन चित्रंही तशीच, जरा बाजूबाजूने काढलेली. प्रत्येक डोळ्याला एक मिळतं, दोन्ही मिळून खोली भासते. एका डोळ्याला ती कशी भासणार? यात पाप कुठून आलं?

मग सहदेवाला ओढून पेटीपुढे बसवलं आणि त्याच्या डाव्या डोळ्यावर माझा तळहात दाबला.

"सपाट हाय," तो म्हणाला. "मैना खरं बोलली."

मग पाटलांनी पाहिलं. नत्थुजी पुटपुटले, आपल्याला तर धुकंच दिसलं होतं. या गडबडीत बाबांनी तूप तेवढं उचललं आणि वाट धरली.

पार्वताबाईंनी जमुनाला आईच्या हाती दिलं आणि घरी चल म्हणाल्या. मैनाबाई जागची हलली नाही.

"आत्याबाई, आज मास्तर होते. उद्या दुसरा कोणी येईन, अन् मास्तर नसन, तं?"

ती घरी गेली खरी, दुसरीकडे जाणार कुठे? पण जमुना अजून झोपेत आईचा पदर घट्ट धरून असते, आणि सहदेव जवळ आला तरी सोडत नाही.

म्हणून हात जोडून सांगतो. कुणी चमत्कार दाखवला तर खुशाल बघा. पण पेटी उघडायला लावा, एक डोळा मिटून बघा, वेगळं दिसलं म्हणणाऱ्याला काय दिसलं ते विचारा. आणि तोवर कुणाच्या कडेवरचं मूल ओढू नका.